पेटीतलं विमान

६ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून दैनंदिनी लिहायची. कंपनीत इतकी वर्षं मेंटेनन्सचं लॉगबुक लिहिलं, हाताला सवय आहे. मागच्या महिन्यात रांजणगावच्या आमच्या कंपनीने मला स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा त्यांची, निवृत्ती माझी. स्वीटी सकाळी हॉस्पिटलात ड्यूटीला जाते, मग शिरूरच्या या घरात दिवसभर मी आणि माझ्या सासूबाई.

सासूबाई म्हणजे प्रेमाबाई, दौंडच्या. दौंडच्या चर्चमध्ये यांनी आयुष्यभर पेटी वाजवली. पावसाळ्यात मोरीत पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं, म्हणून लेकीकडे आल्या. प्लास्टर निघालं, पण बोटं काही हलेनात. चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने धरतात. व्यायाम करून घेणाऱ्या मॅडमनी दाबायला एक रबरी चेंडू दिला, तर म्हणाल्या, "मी काय रसवंतीवर हाय का, लिंबू पिळायला?" चेंडू अजून पिशवीत आहे.

आज त्यांचं उरलंसुरलं सामान आणायला दौंडला गेलो होतो. स्टेशनजवळ सावळाराम भेटला. शाळेत असताना त्याच्याच व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मी माझ्या शिक्षणाचं वाटोळं केलं. आता तिथे मोबाइलचं दुकान होतंय. माळ्यावरून त्याने गेमच्या मशिनमधले तीन जुने बोर्ड काढले आणि म्हणाला, "घिऊन जा रॉन्या. उंदरानं खाल्लं काय आन् तू नेलं काय."

एसटीत बोर्ड मांडीवर घेऊन बसलो होतो. शिरूर येईपर्यंत डोक्यात धंदा तयार झाला. हे बोर्ड जिवंत करायचे, छान खोक्यात बसवायचे आणि घरच्या टीव्हीला जोडायचे. अख्खं पार्लर घरात! उजागरे होम गेमिंग.

९ ऑक्टोबर, गुरुवार

तीनपैकी दोन बोर्ड मेलेले. तिसऱ्याला सप्लाय दिला तर आवाज आला. चित्र कुठाय ते कळत नाही, कारण हा बोर्ड जुन्या काचेच्या मॉनिटरची भाषा बोलतो आणि आमचा टीव्ही नवा. मधे एक दुभाषी लागतो, म्हणजे कन्व्हर्टर. ऑनलाइन मागवलाय.

स्वीटी म्हणाली, "अहो, आवाज येतोय पण दिसत काहीच नाही, हे तर आपल्या नगरपालिकेसारखं झालं." तिला कळत नाही. कुठल्याही कामाला नमनाला घडाभर तेल लागतंच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कन्व्हर्टर आला. जोडला. चित्र आधी गिरकी घेत होतं, मग चित्र जागेवर धरणारी सिंकची वायर बदलली आणि उभं राहिलं. निळं आकाश, खाली समुद्र आणि मधोमध एक छोटं पांढरं विमान. समोरून शत्रूची विमानं येतात, आपण गोळ्या मारायच्या. माझ्या शाळेतलंच, अगदी तेच.

मी ओरडलोच. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं. कंपनीतून बाहेर पडल्यापासून माझ्या हातून पहिल्यांदा काहीतरी चालू झालं होतं.

सासूबाई आतून धावत आल्या. "काय झालं जावईबापू? शॉक बसला का काय?"

"नाही आई, विमान उडालं."

त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन माझ्यासाठी प्रार्थना केली. भिंत पातळ आहे, सगळं ऐकू आलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

खोक्याचा प्रश्न सुटला. दौंडहून आणलेल्या सामानात सासूबाईंची घरची जुनी पेटी आहे. भाता उंदरांनी खाल्लेला, सूर काढून कधीच चर्चच्या पेटीत बसवलेले. नुसता सांगाडा, पण लाकूड सागवानी, कडी पितळी आणि माप असं, की बोर्ड आत अलगद बसतो. जणू करणाऱ्याने माझ्यासाठीच केली.

स्वीटी म्हणाली, आईला विचारून घ्या. विचारणार होतो, पण त्या झोपल्या होत्या. झोपमोड नको म्हणून ड्रिल मशीनच चालू केलं.

त्या उठून आल्या. पट्ट्या उपसून काढलेली पेटी पाहिली. एक शब्द बोलल्या नाहीत. रात्रीच्या जेवणालाही बोलल्या नाहीत. बहुतेक आश्चर्याचा धक्का असावा.

२२ ऑक्टोबर, बुधवार

काम फत्ते! डाव्या हाताला दांडा, उजव्या हाताला पट्ट्यांच्या जागी बटणं. पार्लरमध्ये नाणं टाकलं की डाव मिळायचा, इथे त्या जागी दाराच्या बेलचं बटण बसवलं. ते दाबलं की डाव सुरू. टीव्हीची वायर भात्याच्या फटीतून मागे जाते. झाकण लावलं तर कोणी म्हणणार नाही की आत विमानं आहेत.

उद्घाटन स्वीटीने केलं आणि लगेच मेली. म्हणजे तिचं विमान.

सासूबाई आज बोलल्या. "माझ्या पेटीत तुम्ही सैतान बसवला." इतकंच. पण बोलल्या. बर्फ वितळतोय.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

घात झाला. काल महिला मंडळाच्या सभेत स्वीटीने उभं राहून जाहीर केलं, की रॉनींच्या नव्या धंद्याचं पहिलं फळ आम्ही हंगामाच्या सणाला देवाला देणार.

आमच्याकडे ही रीतच आहे. सणाला शेतकरी पहिली ज्वारी, पहिला भोपळा वेदीपुढे आणतात, नोकरीवाले पहिला पगार ठेवतात, कोंबडीवाल्या पहिली अंडी आणतात. उपासना झाली की आवारात सगळ्याचा लिलाव होतो. मी स्वतः कंपनीचा पहिला पगार वाहिला होता. रीत चांगलीच आहे. पण भोपळ्याच्या वेलाला दुसरा भोपळा लागतो. माझ्याकडे बोर्ड एकच आहे! पहिलं फळही तेच आणि शेवटचंही तेच.

"मला काय माहीत एकच चालतोय ते," स्वीटी म्हणाली. "तुम्ही तर उजागरे होम गेमिंगची पाटी रंगवायला दिलीय."

२७ ऑक्टोबर, सोमवार

आमच्या शिरूरच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे जाऊन आलो. मुद्दा मांडला, की फळ पहिलं कधी ठरतं? चालू झालं तेव्हा की विकलं गेलं तेव्हा? अजून मी काही विकलेलं नाही, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या फळ धरलेलंच नाही.

पाळकसाहेब शांत माणूस. म्हणाले, "रॉनीभाऊ, आंबा विकल्याव पिकतो का पिकल्याव विकतो?"

मग मी म्हणालो, मेलेल्या बोर्डांपैकी एक सुंदर खोक्यात बसवून वाहतो, दिसायला तसाच. त्यावर त्यांनी पवित्र शास्त्र उघडून लंगडं कोकरू वेदीवर चालत नाही तो भाग मला मोठ्याने वाचायला लावला. वाचला. निघताना म्हणाले, आपण वाहिलेली वस्तू लिलावात आपण बोलायची नाही, बायकोनंही नाही, हे ध्यानात ठेवा. त्यांना माझ्या मनातलं कसं कळलं कोण जाणे.

थोडक्यात, तीस नोव्हेंबरला माझं विमान जाणार. नीट विचार केला तर गेम आहे, लाकूड आहे, वायर आहे. पण आजवर मी दुसऱ्यांची मशिनं चालू करत आलो. हे माझं होतं.

३ नोव्हेंबर, सोमवार

द्यायचंच आहे तर वस्तू चोख द्यायची. कंपनीच्या पद्धतीने टेस्टिंग सुरू केलं. नवं पॅनेल आम्ही दिवसभर चालू ठेवायचो, जे मरायचं ते आमच्याकडेच मरू दे म्हणून. तसा सकाळी टीव्ही आणि बोर्ड चालू करून मी कारेगावला जुन्या मित्रांकडे गेलो.

दुपारनंतर परत आलो तर पडद्यावर सर्वांत जास्त गुणांची यादी. सकाळी तिच्यात फक्त माझेच गुण होते. आता माझ्यावर चार नवे आकडे!

सासूबाई पलंगावर बसून पवित्र शास्त्र वाचत होत्या. विचारलं, कोणी आलं होतं का? "कोण येतंय या घरात," म्हणाल्या.

निष्कर्ष: मेमरीत बिघाड. बोर्ड आपोआप आकडे तयार करतोय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

बिघाड वाढतोय. मी घरात असतो तेव्हा बोर्ड सरळ वागतो, बाहेर पडलो की आकडे चढतात. मेमरीच्या चिपा काढून दुसऱ्या बोर्डाच्या बसवल्या. फरक नाही. उलट आज माझं नाव यादीतून पूर्ण बाहेर गेलं.

एक चांगली गोष्ट म्हणजे सासूबाईंचा माझ्यावरचा राग गेला. सकाळी आपणहून म्हणाल्या, "जावईबापू, घरात बसून माणूस गंजतो. जावा की कारेगावला, मित्रास्नी भेटा. जेवूनच या." इतकी माया! स्वतःच्या आईने मला इतक्यांदा बाहेर पाठवलं नसेल.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गंभीर. बटणांवर तेल आढळलं. पातळ, चिकट, दोन्ही मुख्य बटणांवर आणि खालच्या लाकडावरही. जुन्या बोर्डांवरचे वीज साठवणारे कपॅसिटर गळतात हे ठाऊक होतं, पण ते खाली गळतात. हे वर कसं चढलं?

वास घेतला. खोबरेल.

बराच विचार केला. एवढंच सुचलं, की बाहेरच्या देशांत त्या काळी कपॅसिटरमध्ये खोबरेल तेल घालत असावेत. नारळाची झाडं तिकडेही आहेत. सगळे कपॅसिटर बदलून टाकले. सासूबाई माझ्यामागे उभ्या राहून, मनगटाला तेल चोळत, सगळं लक्ष देऊन बघत होत्या. "नीट व्हईल ना?" दोनदा विचारलं. यांना तंत्रज्ञानाची इतकी काळजी असेल असं वाटलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

व्यायामाच्या मॅडम आल्या होत्या. सासूबाईंची बोटं वाकवून पाहिली आणि एकदम खूश. "आजी, चेंडू रोज दाबता वाटतं?"

"दाबते की," सासूबाई म्हणाल्या.

धडधडीत खोटं, तेही रोज पवित्र शास्त्र वाचणाऱ्या बाईकडून! चेंडू पिशवीत आहे, पिशवीची गाठसुद्धा सुटलेली नाही. पण मी गप्प बसलो. बरं होतंय ना, मग झालं. स्वीटीला सांगितलं तर ती माझ्याकडे बघून हसली आणि कांदा चिरायला लागली. मला वाटतं मी रोज त्यांना चेंडूची आठवण करतो, त्याचाच मनावर परिणाम होऊन बोटं सैल झाली असावीत.

गोळ्या मारायच्या बटणाची स्प्रिंग तुटली. नवी घातली. हल्लीचा माल टिकतच नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

स्प्रिंग पुन्हा तुटली.

२३ नोव्हेंबर, रविवार

पोपटराव येऊन गेले. हे चर्चशेजारच्या मळ्याचे मालक, सोसायटीचे चेअरमन. दर वर्षी सणाला सजावटीचा ऊस त्यांच्याकडून येतो आणि पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांची असते. ऊस किती हवा विचारायला आले आणि कोपऱ्यातल्या पेटीवर नजर गेली.

"ही व्हय तुमची लिलावाची वस्तू? झ्याक बनवलीय! आवाजाला कशी हाय?"

मी म्हणालो, आवाज एकदम मोठा, रात्री वाजवली तर शेजारी उठतील.

"आन् हात बसाया येळ लागंल का?"

"शिकणाऱ्याला आठवडा. पण एकदा हात बसला की माणूस उठत नाही."

पोपटरावांनी पेटीवरून हात फिरवला. "आमच्या भजनी मंडळात लई दिस झालं पेटीच न्हाई," म्हणाले. बिचारे आपल्या अडचणी मोकळेपणाने सांगतात. गेमचा आणि भजनाचा काय संबंध ते समजलं नाही, पण माणसाने मन हलकं करावं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

परवा सण. बोर्डाचा बिघाड शेवटपर्यंत सापडला नाही. आज दुपारी लवकर परतलो तर सासूबाई टीव्हीसमोर खुर्चीत बसलेल्या, कपाळावर घाम. म्हणाल्या, पेटीवरची धूळ पुसत होते. चर्चला जाणारी वस्तू घाण नको. मी गहिवरलो.

मग त्यांनी विचारलं, "ही द्यायचीच का वो?"

"आई, देवाला दिलेला शब्द आहे."

"व्हय," म्हणाल्या, "ते बी खरंच." आणि संध्याकाळी जेवल्या नाहीत. पोटात गॅस असावा.

३० नोव्हेंबर, रविवार

आजचं सगळं लिहायलाच हवं.

चर्च उसाने, केळीच्या खांबांनी भरलेलं. वेदीपुढे ज्वारीच्या पेंढ्या, भोपळे, वांगी, अंड्यांची पाटी आणि मधे माझी पेटी, झाकण लावलेली. पहिल्या रांगेत पोपटराव, फेट्यासह.

उपासना सुरू व्हायची, तेवढ्यात कळलं की वाजवणारा डॅनी तापाने पडलाय. पाळकसाहेबांनी सभेवर नजर फिरवली आणि ती सासूबाईंवर थांबली. स्वीटीने माझा दंड घट्ट धरला. मी हळूच म्हणालो, साहेब, त्यांचा हात अजून...

पण त्या उठल्या होत्या. सरळ जाऊन चर्चच्या पेटीपुढे बसल्या. डाव्या हाताने भाता धरला, उजवा पट्ट्यांवर ठेवला आणि उपकारस्तुतीचं गीत सुरू केलं.

ते गीत संथ आहे, जनावरं पाण्यावर निघाल्यासारखं. सासूबाईंनी ते असं सोडलं, की पहिलं कडवं आम्हाला कळायच्या आत संपलं. बोटं पट्ट्यांवर तडातड पडत होती. लोक मागे पळत होते. म्हातारे एक ओळ गाळून पुढची पकडायचे, तर तीही निघून गेलेली असायची. शेवटच्या कडव्याला फक्त पाळकसाहेब आणि एक शिक्षिका शर्यतीत उरले. "आमेन" झालं तेव्हा अख्खी मंडळी धापा टाकत होती.

मला गाण्यातलं फार कळत नाही. पण ती बोटं मी पाहिली. कप न धरणारी बोटं. स्वीटी ओढणीत तोंड लपवून रडत होती.

मग आवारात लिलाव. आमच्या लिलावाची एक गंमत आहे. ज्याने बोली जिंकली त्याने मोठ्या मनाने वस्तू परत द्यायची, म्हणजे तिचा पुन्हा लिलाव होतो. न दिली तर कोणी बोलत नाही, पण वर्षभर लक्षात ठेवतात. आज पहिला भोपळा घेऊन एक जण निघाला, तर सासूबाईंनीच त्याला हटकलं. "काय रं, देवाच्या घरून पिशवी भराया आलास का?" त्याने गपचूप भोपळा परत ठेवला.

मग माझी पेटी. पाळकसाहेब म्हणाले, "रॉनीभाऊंनी स्वतः बनवलेली." पोपटरावांनी लगेच बोली दिली. दुसरं कोणी बोलेना, चेअरमनच्या पुढे कोण जाणार? मी मान खाली घातली. जाऊ दे म्हटलं. चांगल्या घरी जाते आहे.

तेवढ्यात मागून आवाज. "माझी वाढीव!"

सासूबाई. हात वर, आणि तोही उजवा.

पोपटरावांनी हसून बोली चढवली. सासूबाईंनी चढवली. पोपटराव हसायचे थांबले. "प्रेमाबाई, तुम्हाला कशाला? चर्चची हाय की वाजवाया."

"तुम्हाला कशाला ते आधी सांगा."

"भजनाला!" पोपटराव म्हणाले.

सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मला त्या फेट्याची दया आली. पुढे होऊन त्यांनी पेटीचं झाकण काढलं. पोपटराव दांड्याकडे आणि बटणांकडे पाहत राहिले. बेलचं बटण दाबून पाहिलं. काहीच झालं नाही, सप्लाय नव्हता. "सूर कुठंय हिचं?" असं विचारून ते खुर्चीत जाऊन बसले आणि पेटी सासूबाईंची झाली.

टाळ्या वाजल्या. पाळकसाहेब कौतुकाने म्हणाले, "प्रेमाबाई, आता वस्तू देवाला परत. पुन्हा बोली लावू या ना?"

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. भोपळावाला तर जरा जास्तच पुढे सरकला.

सासूबाईंनी पेटी पोटाशी धरली. "न्हाई देत."

"अहो, पण..."

"न्हाई म्हंजी न्हाई. डाव अर्धा राह्यलाय माझा."

पाळकसाहेबांना कळेना, पोपटरावांना कळेना. स्वीटी मात्र चटईवर बसून पोट धरून हसत होती, आणि तेव्हा मला आकडे आठवले. स्प्रिंगा आठवल्या. खोबरेल आठवलं. मी सगळे कपॅसिटर बदलले होते.

घरी आलो. त्यांनी साडीही बदलली नाही. मी वायरी जोडल्या, त्या खुर्चीत बसल्या आणि बेल दाबली. मी मागे उभा राहून बघत होतो. पार्लरमध्ये इतकी वर्षं घालवली, पण असं विमान मी कोणाचं पाहिलं नाही. गोळ्यांच्या मधून सुईसारखं निघत होतं. उजव्या हाताची बोटं तर दिसतच नव्हती. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की माझं खोकं हातचं गेलं याचं वाईट वाटायचंच राहून गेलं.

थोड्या वेळाने हळूच म्हणालो, "आई, एक डाव मला द्याल का?"

"द्यीन की," पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "एवढं माझं पडू द्या."

दुपारपासून शेजारी स्टूल घेऊन बसलोय. हे सगळं लिहून झालं. अंधार पडला, स्वीटीने दिवा लावला. विमान अजून पडलेलं नाही.